ओढलेला सूर

माउथ ऑर्गन म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर ‘दोस्ती’ (१९६४) सिनेमा येतो. पडद्यावर तो मुलगा वाजवत असला तरी पडद्यामागे वाजवणारे राहुलदेव बर्मन होते. त्यापलीकडे आपली या वाद्याशी ओळख म्हणजे जत्रेतला पत्र्याचा बाजा. पोरानं दिवसभर फुंकून घरच्यांना हैराण करावं आणि संध्याकाळी तो कुठेतरी हरवावा, एवढंच त्याचं आयुष्य.

पण याच बाजावर अमेरिकेत एक मोठी परंपरा उभी राहिली. तिथल्या कृष्णवर्णीय लोकांचं ‘ब्लूज’ नावाचं संगीत आहे. दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांत, गुलामगिरी संपली तरी न संपलेल्या दारिद्र्यात ते घडलं आणि कामाच्या शोधात उत्तरेला निघालेल्या माणसांबरोबर शिकागोपर्यंत पोचलं. त्या संगीतात गिटारच्या खालोखाल कुठलं वाद्य महत्त्वाचं असेल तर ते माउथ ऑर्गन. जुन्या ब्लूज तबकड्या ऐकताना त्याचा आवाज कधी आगगाडीसारखा, कधी रडणाऱ्या माणसासारखा, तर कधी चक्क सॅक्सोफोनसारखा येतो. चार बोटं लांबीच्या वस्तूतून हे कसं निघतं, याचा थोडा पाठपुरावा केला. जे हाती लागलं ते मांडतो.

सुरुवात जर्मनीत होते. ट्रॉसिंगेन नावाच्या गावी माथियास होनर नावाचा घड्याळं बनवणारा कारागीर होता. त्यानं १८५७ साली माउथ ऑर्गन बनवायला घेतले. पहिल्या वर्षी ६५० झाले म्हणतात. धंदा वाढला, माल अमेरिकेत जाऊ लागला, आणि १८९६ साली कंपनीनं ‘मरीन बँड’ हे मॉडेल काढलं. दहा भोकं, आत नासपतीच्या लाकडाची फणी, तिच्या दोन्ही अंगांना पितळी पत्रे, त्या पत्र्यांवर एकूण वीस रीड आणि वरून झाकणं. सगळं बारीक खिळ्यांनी ठोकलेलं. ब्लूजच्या ज्या तबकड्यांना आज अभिजात म्हणतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच स्वस्त, खिशात मावणाऱ्या वस्तूवर वाजलेल्या आहेत.

रीड म्हणजे काय हे पेटीमुळे आपल्याला समजतं. पितळेची पातळ पत्ती एका टोकाला पक्की, दुसरं टोक मोकळं. वर्गात पोरं फूटपट्टी बाकाच्या कडेला दाबून टणकन वाजवतात, तेच तत्त्व. हवा गेली की पत्ती थरथरते. आपली पेटी आणि हा बाजा एकाच कुळातले, सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्कीच.

होनरनं हा बाजा बनवला तो आपल्या मुलखातल्या लोकगीतांसाठी, नाचाच्या साध्या चालींसाठी. पांढरी एकचा बाजा घेतला, तर कुठल्याही भोकात फुंकलं की सा, ग, प यांपैकीच काहीतरी वाजतं. तीन भोकांत एकदम फुंकलं तरी कानाला गोडच लागतं. उरलेले सूर श्वास आत ओढून वाजवायचे. खालच्या सप्तकात तर मध्यम आणि धैवत ठेवलेच नाहीत, कारण तिथे साथीचा सुरमेळ नीट बसावा एवढीच अपेक्षा होती. थोडक्यात, ज्याला संगीत येत नाही त्यालाही चुकता येऊ नये अशी सगळी व्यवस्था!

आता गंमत बघा. दक्षिणेतल्या काळ्या वादकांनी हा बाजा उलटा वापरला. म्हणजे हातात तसाच धरला, पण ‘सा’ बदलला. पांढरी एकचा बाजा घ्यायचा आणि गाणं मात्र पांढरी पाचमध्ये धरायचं. तसं केलं की दुसऱ्या भोकात श्वास ओढून जो सूर येतो तो षड्ज होतो. पहिल्या चार भोकांत ओढलं की प, सा, ग, प मिळतात आणि पाचव्या भोकात ओढलं की आयता कोमल निषाद. ब्लूजला हवा असलेला ठसका तिथेच सापडतो. या पद्धतीला इंग्रजीत ‘क्रॉस हार्प’ म्हणतात. होनरच्या हिशेबात मुख्य काम फुंकण्याचं होतं. या लोकांनी ते ओढण्याकडे नेलं.

ओढण्यात आणखी एक गुपित आहे, आणि मला वाटतं सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. बाजाच्या प्रत्येक भोकात दोन रीड असतात, एक फुंकण्याची आणि एक ओढण्याची. खालच्या सहा भोकांत ओढायचा सूर फुंकायच्या सुरापेक्षा उंच असतो. ओढताना जिभेची ठेवण बदलली, घशाची पोकळी कमीजास्त केली, की ओढायची रीड एकटी बोलत नाही. शेजारची फुंकायची रीडही तिच्यात सामील होते आणि सूर खाली घसरू लागतो. दोन रीडमध्ये जेवढं अंतर जास्त, तेवढा तो जास्त घसरतो. तिसऱ्या भोकात तर शुद्ध गंधारावरून निघून कोमल गंधार, रिषभ आणि त्याच्याही खाली जाता येतं. मधल्या सगळ्या श्रुती वाटेत भेटतात. ब्लूजचा जीव शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधल्या जागेतच आहे. त्यांच्या गवयांचा गळा तिथेच घुटमळतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही मींड. कारखान्यानं जे सूर दिलेच नव्हते ते या माणसांनी श्वासानं काढले.

इथे पेटीची आठवण होणं अपरिहार्य आहे. पेटीवर मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, ती आपल्या संगीताला परकी आहे, असा आक्षेप होता. त्यापायी १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आक्षेपात तथ्य होतंच. पेटीत वादकाचं बोट पट्टीवर असतं, हवा भात्यातून येते, आणि रीड बिचारी आत पेटीच्या पोटात. तिच्यापर्यंत वादक पोचतच नाही. बाजात मात्र रीड आणि माणसाचा घसा यांच्यात काही नसतं. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीवर मींडेचा आभास निर्माण करून दाखवला, तो त्यांच्या बोटांचा आणि बुद्धीचा पराक्रम. त्या काळ्या वादकांना रीडच वाकवता आली. पितळ तेच, पण एकाला दार बंद होतं आणि दुसऱ्याला उघडं मिळालं. ते दार उघडं आहे हे जर्मनीतल्या कारखान्यालाही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ज्यानं ढकलून पाहिलं त्याला ते सापडलं.

सुरुवातीच्या वादकांकडे बाजा आणि तळहात याखेरीज काहीच नव्हतं. डीफोर्ड बेली हा टेनेसीचा. लहानपणी पोलिओ झालेला, अंगानं बारका. १९२७ साली त्यानं ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. पॅन अमेरिकन हे एका आगगाडीचं नाव. गाडी लांबून येते, शिटी वाजवते, पुलावरून धडधडत जाते, हे सगळं त्या एका बाजावर. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाचा तो पहिल्या फळीतला कलावंत. पण १९४१ साली त्याला तिथून काढून टाकलं आणि पुढे त्यानं नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवून पोट भरलं. कंट्री संगीताच्या सन्मान दालनात त्याचं नाव लागलं २००५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

दुसरा जॉन ली विल्यमसन, म्हणजे पहिला ‘सनी बॉय’. १९३७ साली त्याचं ‘गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल’ आलं. तोवर बाजा बहुधा गाण्याच्या मागे वाजायचा. यानं तो पुढे आणला. एक ओळ गायची आणि तिचं उत्तर बाजानं द्यायचं. आपल्याकडे सारंगी गवयाची ओळ उचलते ना, साधारण तसं. हा माणूस १९४८ साली शिकागोत कार्यक्रम करून घरी निघाला असताना वाटेत लुटारूंनी त्याला मारलं. वय अवघं ३४.

आता शिकागो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतून हजारो माणसं तिथल्या कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत कामाला आली. मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारचा बाजार भरायचा. जुने कपडे, भांडी, रेडिओ, भाजी, सगळं तिथे. त्या गर्दीत वादक रस्त्यावरच उभे राहत. एखाद्या दुकानातून वायर ओढून वीज घ्यायची, दुकानदाराला चार पैसे द्यायचे आणि वाजवायला लागायचं. गिटारला वीज मिळाली, ड्रम आले. या गोंगाटात चार बोटांच्या बाजाचं काय ऐकू येणार?

यातून वाट काढणाऱ्यांत स्नूकी प्रायर हा एक. त्यानं पुढे मुलाखतींत सांगितलेली हकिकत अशी. तो लष्करात बिगुल वाजवायचा आणि तो बिगुल लाउडस्पीकरवरून छावणीत ऐकू जायचा. फावल्या वेळात त्यानं त्याच माइकवर बाजा वाजवून पाहिला. १९४५ साली लष्करातून सुटल्यावर त्यानं स्वतःचा लाउडस्पीकरचा संच विकत घेतला आणि मॅक्सवेल स्ट्रीट गाठलं. पहिला मान कुणाचा यावर वाद आहेत, आणि एकाच वेळी अनेकांना एकच गोष्ट सुचणं यात नवल नाही. गरज सगळ्यांची एकच होती.

हे माइक कसले होते तेही पाहण्यासारखं आहे. ॲस्टॅटिक कंपनीचा ‘जेटी-३०’ हा माइक १९३०च्या दशकातला. त्याच्या आत रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असे. स्फटिकावर आवाजाचा दाब पडला की वीज तयार होते. उन्हानं आणि दमटपणानं हा स्फटिक खराब होतो, आणि इथे तर वादक त्यावर तोंडची वाफ सोडणार! दुसरा शुअर कंपनीचा ‘५२०’, १९४९ साली आलेला, हिरव्या रंगाचा आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. नाव पडलं ‘ग्रीन बुलेट’. हे माइक संगीतासाठी केलेलेच नव्हते. घोषणा करायच्या, बिनतारी यंत्रावरून टॅक्सीवाल्यांना पत्ते सांगायचे, असली त्यांची कामं. माणसाचं बोलणं समजलं म्हणजे झालं. म्हणून ग्रीन बुलेटची आवाज पकडण्याची मर्यादा साधारण १०० ते ५,००० हर्ट्झ. त्यावरचे झिणझिणीत सूर तो जवळजवळ सोडूनच देतो.

नेमका हाच उणेपणा कामी आला. बाजाचा आवाज मुळात पातळ आणि टोचणारा. वरचे सूर गाळले गेल्यावर तो गोल आणि भरीव झाला. वादकानं माइक आणि बाजा दोन्ही एकाच ओंजळीत घट्ट धरले, बोटांत फट राहू दिली नाही. त्या बंद ओंजळीत आवाज कोंडून माइकवर आदळला. तो गेला व्हॉल्वच्या लहानशा ॲम्प्लिफायरमध्ये, त्याच्या ताकदीबाहेर. मग आवाज फाटला. लग्नाच्या मांडवात कर्णा जास्त मोठा केला की आवाज फाटतो, तो आपल्याला नकोसा होतो. इथे मात्र फाटण्याची मात्रा वादकाच्या हातात होती. ओंजळ जरा उघडली की आवाज स्वच्छ, मिटली की खरखरीत. हळू ओढलं की मऊ, जोरात ओढलं की गुरगुर. दोष होता, त्याचा अलंकार झाला.

हे ज्याला सर्वांत जास्त उमजलं तो मॅरियन वॉल्टर जेकब्ज, म्हणजे ‘लिटल वॉल्टर’. जन्म १९३० चा, लुइझियाना राज्यातला. पोरवयातच घर सोडून वाजवत फिरला आणि १९४६च्या सुमारास शिकागोला आला. १९४७ साली मॅक्सवेल स्ट्रीटवरच्या एका रेडिओ दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची पहिली तबकडी झाली. मग तो मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदात गेला. १९५१ च्या जुलैत मडीच्या ‘कंट्री बॉय’ या गाण्यात त्यानं माइकमधून वाजवलेला बाजा पहिल्यांदा तबकडीवर उतरला.

त्यानंतर १२ मे १९५२. शिकागोच्या युनिव्हर्सल स्टुडिओत मडीच्या मंडळींनी एक बिनशब्दांची धून वाजवली. मडी आणि जिमी रॉजर्स गिटारवर, एल्गा एडमंड्स ड्रमवर आणि पुढे वॉल्टर. बाजा होता पांढरी सहाचा, वाजवला पांढरी तीनमध्ये, म्हणजे तोच उलटा षड्ज. तबकडीवर नाव आलं ‘जूक’. तीन मिनिटांच्या आतलीच ही चीज, पण अमेरिकेच्या ‘रिदम अँड ब्लूज’ यादीत ती आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. केवळ माउथ ऑर्गनवर वाजवलेली दुसरी कुठलीही धून त्या यादीत तिथवर पोचलेली नाही. तिची सुरुवात आपल्या १९४८च्या तबकडीतून उचलली आहे, असं स्नूकी प्रायर शेवटपर्यंत म्हणत राहिला.

हा स्टुडिओ बिल पटनम या ध्वनिमुद्रकाचा. याच पटनमनं १९४७ साली ‘हार्मोनिकॅट्स’ या माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या त्रिकुटाचं ‘पेग ओ’ माय हार्ट’ मुद्रित केलं होतं, आणि घुमारा यावा म्हणून स्टुडिओच्या स्नानगृहाचा उपयोग केला होता! वाद्य सुचवणारे वेगळे, माइक बनवणारे वेगळे, भिंतींचा उपयोग करणारा आणखी वेगळा. एका आवाजामागे किती हात असतात पहा.

‘जूक’ गाजल्यावर वॉल्टर मडीचं बोट सोडून स्वतंत्र झाला. पुढे त्यानं मोठा, सोळा भोकांचा क्रोमॅटिक बाजाही ब्लूजमध्ये आणला. पण दारू आणि मारामाऱ्या सुटल्या नाहीत. १९६८ च्या फेब्रुवारीत रस्त्यावरच्या एका भांडणानंतर तो झोपेतच गेला. वय ३७.

यावरून कुणाला वाटेल की सगळी किमया माइकची. तसं नाही. वॉल्टर हॉर्टनचं मेंफिसच्या सन स्टुडिओतलं ‘ईझी’ (१९५३) ऐका, त्यात विजेचा पुरेपूर उपयोग आहे. पण दुसरा ‘सनी बॉय’, म्हणजे राइस मिलर, आर्कान्सातल्या हेलेना गावच्या रेडिओवर १९४१ पासून पिठाची जाहिरात करत वाजवणारा, त्यानं माइक सहसा ओंजळीत धरलाच नाही. गायच्या माइकसमोर उभा राहायचा आणि तळहातांच्या उघडझापीतून सगळं सांगायचा. कधी हात सोडून बाजा अख्खा तोंडात धरूनही वाजवायचा. अंध सनी टेरी १९३८ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून गेला तो असाच. जिमी रीड गळ्यात तारेची चौकट अडकवून, हातात गिटार घेऊन वाजवायचा, म्हणजे ओंजळीचा प्रश्नच नाही. त्यानं बाजाचे वरचे, फुंकून वाकणारे सूर शोधले. सामान वेगवेगळं, पण प्रत्येकाचा आवाज दोन सुरांत ओळखू येतो.

आज त्या जुन्या ग्रीन बुलेटच्या मागे संग्राहक लागलेले असतात. वॉल्टरनं ‘जूक’ला नेमका कुठला माइक आणि कुठला ॲम्प्लिफायर वापरला यावर आंतरजालावर पानंच्या पानं चर्चा चालते. १९५९चा फेंडर ‘बासमन’ हा ॲम्प्लिफायर, जो बास गिटारसाठी बनला होता, तो पुढच्या पिढीच्या बाजावाल्यांचा लाडका झाला. आता तर खास ब्लूजच्या बाजासाठीच माइक आणि ॲम्प्लिफायर तयार होतात. म्हणजे जो आवाज चुकीच्या सामानातून निघाला तो आता योग्य सामान घेऊन मिळवायचा! याला हसावं की कौतुक करावं कळत नाही. आवडीपोटी माणूस वस्तू जपतो, त्यात वाईट काही नाही. पण तबकड्या निघत होत्या त्या काळात कुठला माइक लावला हे टिपून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही, आणि मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. त्यांच्या लेखी ते त्या रविवारी हाताशी असलेलं सामान होतं.

अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं तर १९४०च्या दशकाच्या अखेरपर्यंत माउथ ऑर्गनला वाद्य मानलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ते खेळणं. इकडे पेटीला रेडिओवर मज्जाव, तिकडे बाजाला संघटनेत मज्जाव, आणि दोन्हीकडे काळही जवळजवळ तोच. वाद्य कुणाला म्हणायचं हे ठरवणारी माणसं खोलीत बसून वाद्याची मापं घेत होती. वाजवणारे रस्त्यावर, वारीत, भजनात, बाजारात वाजवत राहिले. वर्षानुवर्षं शिकवताना एवढं दिसलं की वर्गात ज्याला ‘याला काही येत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात, त्याची मापं आपण बहुधा चुकीच्या पट्टीनं घेतलेली असतात. असो, हा वेगळा विषय आहे.

ज्यांना ऐकायची इच्छा होईल त्यांनी आधी डीफोर्ड बेलीची आगगाडी ऐकावी, मग पहिल्या सनी बॉयचं ‘गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल’, आणि शेवटी ‘जूक’. पहिल्यात नुसता बाजा आणि तळहात आहेत, शेवटच्यात माइक, ॲम्प्लिफायर आणि अख्खा स्टुडिओ. तिन्हींत एक गोष्ट मात्र सारखी सापडेल. जिथे सूर घसरतो, गंधार धड शुद्ध नाही आणि कोमलही नाही, तिथे कान द्या. तिथे माणूस श्वास आत ओढतो आहे.